रोमकरांस ३:२८ आणि याकोब २:२४ एकाच वर्गात कसे शिकवावेत?

नगरकर

जय ख्रिस्त. प्रौढांच्या शास्त्रवर्गासाठी चार बैठकांचा पाठ तयार करायचा आहे, बैठक पाऊण तासाची. विषय: तारण विश्वासाने की कर्मांनी. वर्गात सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सभासद जास्त, काही मेथडिस्ट, शिवाय लग्नसंबंधातून आलेली दोन-तीन कॅथलिक कुटुंबं.

रोमकरांस ३:२८ मध्ये पौल सांगतो की नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब २:२४ मध्ये म्हटलंय की माणूस क्रियांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नाही. दोघंही दाखला अब्राहामाचाच देतात आणि दोघंही उत्पत्ती १५:६ चंच वचन (अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते नीतिमत्त्व गणलं गेलं) घेतात. "पौल देवासमोरचं बोलतो, याकोब माणसांसमोरचं" हे नेहमीचं उत्तर ऐकलेलं आहे. ते मजकुराला धरून आहे का?

दुसरी गोष्ट. आमच्या प्रॉटेस्टंट सभासदांची समजूत अशी की कॅथलिक लोक पुण्य करून स्वर्ग कमावतात. कॅथलिकांची समजूत अशी की प्रॉटेस्टंटांनी एकदा "विश्वास ठेवला" म्हटलं की पुढे कसंही वागायला मोकळीक. दोन्हीकडचं म्हणणं त्यांच्या त्यांच्या अधिकृत शिकवणीप्रमाणे मांडायचं आहे. "हे आमचं नाही" असं कुणालाही म्हणावं लागू नये.

ग्रीकपाठी

"माणसांसमोर" हे उत्तर वर्गात नेऊ नका. नीट वाचणारा एखादा सभासद ते दोन मिनिटांत मोडेल. याकोब २:१४ चा प्रश्नच असा आहे की असा विश्वास त्या माणसाला तारू शकेल का. तारणारा देव आहे, शेजारीपाजारी नाहीत. आणि याकोबाने घेतलेला प्रसंग उत्पत्ती २२ मधला, मोरियाच्या डोंगरावर अब्राहाम मुलगा इसहाक याला अर्पण करायला निघाला तो. तिथे बघायला होतं कोण? चाकरांना अब्राहामाने गाढवापाशीच थांबवलं होतं (२२:५). वर गेले ते बाप आणि मुलगा. "आता मला कळलं" हे शब्दही आकाशातून आले (२२:१२).

त्यापेक्षा वर्गाला हे दाखवा की दोघांच्या वाक्यांत शब्द तेच आहेत, पण रोख निराळा.

"विश्वास": याकोब ज्याच्यावर तुटून पडतो तो विश्वास कसला, ते १९व्या वचनात आहे. देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात. म्हणजे नुसतं मानणं. १४व्या वचनात ग्रीकमध्ये "विश्वास" या शब्दाला निश्चित उपपद (इंग्रजीतल्या "द" सारखं) लावलेलं आहे, त्यामुळे अर्थ होतो "तो, तसला विश्वास". मराठीत "तो विश्वास" असंच आलंय, फक्त वाचताना "तो" वर जोर द्या. पौल विश्वास म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे देवाच्या वचनावर स्वतःला टाकून देणं असतं (रोम ४:२०-२१).

"कर्मे": "नियमशास्त्रातील कर्मे" हा पूर्ण शब्दप्रयोग पौलाच्या पत्रांत आठ वेळा येतो, दोनदा रोमकरांस पत्रात (३:२०, ३:२८) आणि सहा वेळा गलतीकरांस पत्रात. याकोबाच्या या परिच्छेदात तो एकदाही नाही. गलतीकरांतला वाद सुंता, पंगत आणि सणवार यांवरून पेटला होता: अंत्युखियात पेत्र विदेश्यांच्या पंगतीतून उठून गेला (गलती २:१२). म्हणून काही अभ्यासक, विशेषतः १९७०-८० च्या दशकांनंतर, म्हणतात की पौलाचा विरोध यहुदी ओळखीच्या खुणांना होता, सत्कर्मांना नव्हता. त्यात तथ्य आहे, पण तिथेच थांबलात तर रोम ४ अडतं. ४:४-५ मध्ये मजुरी आणि देणगी यांची तुलना आहे, आणि ४:६-८ मध्ये पुढे येतो दावीद. दावीद सुंता झालेलाच होता. त्याचा प्रश्न पापाचा होता. पौलाचं म्हणणं कोणत्याही कमाईला लागू होतं.

"नीतिमान ठरणे": इथे अब्राहामाच्या वयाचा तक्ता फळ्यावर काढा, निम्मं काम तोच करेल. हारान सोडलं तेव्हा ७५ (उत्पत्ती १२:४). मग १५व्या अध्यायात "विश्वास ठेवला आणि ते नीतिमत्त्व गणलं गेलं". इश्माएल जन्मला तेव्हा ८६ (१६:१६). सुंता ९९ व्या वर्षी (१७:२४). इसहाक १०० व्या वर्षी (२१:५). २२व्या अध्यायात इसहाक होमाची लाकडं पाठीवर वाहण्याइतका मोठा झालेला आहे.

आता बघा. पौल १५ आणि १७ या अध्यायांमधल्या अंतरावर बोट ठेवतो: सुंता व्हायच्या निदान तेरा वर्षं आधी अब्राहाम नीतिमान गणला गेला होता, मग सुंतेमुळे कसा ठरला? (रोम ४:१०). याकोब १५ आणि २२ मधल्या अंतरावर बोट ठेवतो, म्हणजे निदान वीसेक वर्षांवर. त्या रात्री तारे मोजायला सांगणाऱ्या देवावर टाकलेला भार पुढे मुलाच्या प्रसंगी टिकला का? म्हणूनच याकोबाची क्रियापदं बघण्यासारखी आहेत: विश्वास क्रियांबरोबर काम करत होता, क्रियांनी तो पूर्णत्वाला गेला, आणि शास्त्रलेख "पूर्ण झाला" (२:२२-२३). १५:६ रद्द करून २२ बसवलेलं नाही.

एक भाषेची अडचण आधीच सांगून ठेवा. ग्रीकमध्ये शब्द एकच आहे, एर्गोन. आपल्या प्रचलित पवित्र शास्त्रात त्याचे तीन शब्द झाले: रोमकरांत "कर्मे", इफिस २:१० मध्ये "सत्कृत्ये", याकोबात "क्रिया". भाषांतर चांगलंच आहे, पण त्यामुळे मराठी वाचकाला विरोध निम्माच दिसतो. आणि "कर्मे" म्हटलं की आपल्या कानावर मागच्या जन्माचा हिशेब, संचित, भोग हे सगळं आपोआप येतं. पौलाच्या मनात त्यातलं काहीच नव्हतं. हे पहिल्या पाच मिनिटांत बोलला नाहीत तर उरलेली चाळीस मिनिटं लोक दुसऱ्याच विषयावर विचार करत बसतील.

उत्तर_वसई

कॅथलिक बाजू लिहितो. आमच्याकडे "विश्वास" ऐवजी "श्रद्धा" आणि "बाप्तिस्मा" ऐवजी "स्नानसंस्कार" जास्त ऐकू येतं. तुमच्या पाठात दोन्ही शब्द वापरा, नाहीतर ती दोन-तीन कुटुंबं गप्प बसतील.

मूळ मजकूर ट्रेंटच्या धर्मसभेचा (प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेला उत्तर देणारी कॅथलिक सभा), सहाव्या सत्राचा, १३ जानेवारी १५४७. त्यात १६ प्रकरणं आणि ३३ नियम आहेत. प्रॉटेस्टंट मित्र बहुतेक वेळा थेट नववा नियम वाचतात, केवळ श्रद्धेने नीतिमान ठरणं नाकारणारा. सुरुवात पहिल्या नियमापासून करा. तो म्हणतो की ख्रिस्ताच्या कृपेवाचून, स्वतःच्या कृत्यांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल तो बहिष्कृत. म्हणजे "पुण्य करून स्वर्ग कमावणे" ही कॅथलिक शिकवण आहे असं म्हणणाऱ्याला ट्रेंटचा पहिलाच नियम आडवा येतो. आठवं प्रकरण श्रद्धेला तारणाचा आरंभ, आणि नीतिमान ठरण्याचा पाया व मूळ म्हणतं. आणि नीतिमान ठरण्याच्या आधीचं काहीही, श्रद्धा असो की कृत्यं, त्या कृपेवर हक्क मिळवून देत नाही, असंही तिथेच स्पष्ट आहे.

मग फरक कुठे? तीन ठिकाणी.

पहिला, नीतिमान "ठरवणे" म्हणजे काय. ट्रेंटच्या सातव्या प्रकरणानुसार ती फक्त पापांची क्षमा नाही, आतल्या माणसाचं पवित्रीकरण आणि नवीकरणही त्यातच आलं. प्रॉटेस्टंट शिकवणीत ठरवणं वेगळं आणि पवित्रीकरण वेगळं, जरी दोन्ही एकाच माणसात एकत्र घडत असले तरी. माझ्या मते सगळ्या वादाची गाठ इथे आहे. "नीतिमान ठरणे" या शब्दात तुम्ही बदललेलं आयुष्यही धरलं, तर त्यात प्रीती आणि कृत्यं येणारच. धरलं नाही, तर ती बाहेरच राहणार.

दुसरा, वाढ. चोविसावा नियम म्हणतो की सत्कृत्यं ही मिळालेल्या नीतिमत्त्वाची फक्त फळं आणि खुणा नाहीत, ती त्याच्या वाढीचं कारणही आहेत. सुरुवात फुकट, वाढीत माणसाचा सहभाग, आणि तो सहभागही कृपेच्याच बळावर. सोळाव्या प्रकरणाचा सूर असा की देवाचा चांगुलपणा इतका मोठा की स्वतःची दानं तो आपलं पुण्य म्हणून धरतो. मराठी "पुण्य" या शब्दात साठवलेल्या शिलकेचा वास आहे, म्हणून तो शब्द सांभाळून वापरा.

तिसरा, गमावणं. गंभीर पापाने कृपा जाते, पण श्रद्धा शिल्लक असू शकते (नियम २८). म्हणजे श्रद्धा आहे आणि तारणाची स्थिती नाही, असा माणूस कॅथलिक शिकवणीत शक्य आहे. याकोबाचा मृत विश्वास आम्ही असा वाचतो.

प्रायश्चित्ताबद्दलही सांगून टाका, कारण गैरसमज तिथून सुरू होतो. पश्चात्ताप, पापनिवेदन, मग फादर क्षमेचे शब्द उच्चारतात, आणि दिलेलं प्रायश्चित्त सहसा त्यानंतर करायचं असतं. क्षमा आधी मिळालेली असते. प्रायश्चित्त हे पापाने झालेली मोडतोड सावरणं आहे, क्षमेची किंमत नाही.

प्रश्नोत्तरी१५६३

वरची मांडणी न्याय्य आहे. आता सुधारित (कॅल्विनच्या परंपरेतल्या) आणि लुथरन बाजू.

लुथरने १५२२ च्या जर्मन नव्या करारात रोम ३:२८ मध्ये "फक्त" हा शब्द घातला, जो ग्रीकमध्ये नाही. हा आक्षेप तुमच्या वर्गात कुणीतरी काढणारच. १५३० मध्ये भाषांतरावरच्या पत्रात त्याने उत्तर दिलं ते भाषेचं होतं: जर्मन माणूस एक गोष्ट मान्य करून दुसरी नाकारतो तेव्हा "फक्त" म्हणतोच. शेतकरी फक्त धान्य आणतो, पैसे नाही. मराठीतही आपण "नुसतं धान्यच आणलंय" असंच म्हणू. शब्द नसला तरी वाक्याचा रोख तोच आहे, असा त्याचा दावा. तरी नव्या करारात "केवळ विश्वासाने" हे शब्द जुळून येतात ते एकाच ठिकाणी, याकोब २:२४ मध्ये, आणि तेही नकारासह. हे लपवू नका. याकोबाच्या पत्राला त्याने "गवताचं पत्र" म्हटलं तेही १५२२ च्या प्रस्तावनेत. पुढच्या आवृत्त्यांतून ते वाक्य त्याने काढलं. आणि त्याच वर्षीच्या रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत तोच लुथर लिहितो की आगीपासून उष्णता आणि उजेड वेगळे करता येत नाहीत, तशी कृत्यं विश्वासापासून वेगळी करता येत नाहीत.

"कसंही वागायला मोकळीक" याचं उत्तर सुधारित मंडळ्यांच्या हायडलबर्ग प्रश्नोत्तरीत आहे (१५६३, १२९ प्रश्न, वर्षाच्या ५२ रविवारांत वाटलेले). प्रश्न ६४ हाच: या शिकवणीने लोक बेफिकीर होत नाहीत का? उत्तर: नाही, कारण खऱ्या विश्वासाने जो ख्रिस्ताला जोडला गेला त्याला कृतज्ञतेची फळं येणार नाहीत हे अशक्य. पुस्तकाची रचनाच बघा: दुर्दशा, सुटका, कृतज्ञता. सत्कृत्यं तिसऱ्या भागात, प्रश्न ८६ ते १२९. एक तृतीयांशाहून अधिक पुस्तक कृत्यांवर आहे, फक्त त्यांची जागा सुटकेनंतरची.

लुथरनांमध्येही यावर भांडण झालं. गेओर्ग मायोर म्हणाला, सत्कृत्यं तारणासाठी आवश्यक. निकोलाउस फॉन आम्सडोर्फ म्हणाला, ती तारणाला घातक. १५७७ च्या एकमताच्या सूत्राने (लुथरनांचा अधिकृत मजकूर, चौथा लेख) दोन्ही वाक्यं बाजूला सारली. सत्कृत्यं आवश्यक आहेत, पण "तारणासाठी" हे शब्द जोडायचे नाहीत, कारण तसं म्हटलं की भरवसा ख्रिस्तावरून आपल्या कामावर सरकतो. सुधारित परंपरेतल्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाचा अकरावा अध्याय हेच दोन वाक्यांत सांगतो: नीतिमान ठरण्याचं साधन विश्वासच, पण नीतिमान ठरलेल्या माणसात तो कधी एकटा नसतो.

विश्वासाचे तीन भाग वर्गाला द्या: माहिती, मान्यता, भरवसा. भुतांपाशी पहिले दोन आहेत. पाण्यात तराफा तरंगतो हे माहीत असणं, ते कबूल असणं, आणि त्यावर पाय ठेवणं, इतका साधा फरक.

नगरकर

दोघांचेही आभार. एक नाजूक प्रश्न. ट्रेंटचा बहिष्कार आजही आम्हाला लागू आहे का? वर्गात कॅथलिक सुनेसमोर हा विषय निघाला तर काय सांगू?

उत्तर_वसई

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरवण्याच्या शिकवणीवर संयुक्त जाहीरनाम्याला मान्यता देऊन सह्या केल्या. ४४ परिच्छेद आहेत. पंधरावा वाचून दाखवा. आशय असा: आमच्या कोणत्याही गुणामुळे नाही, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात देव आमचा स्वीकार करतो, आणि पवित्र आत्मा अंतःकरण नवं करून सत्कृत्यांसाठी आम्हाला सज्ज करतो. ४१व्या परिच्छेदात म्हटलंय की या जाहीरनाम्यात मांडलेल्या लुथरन शिकवणीला ट्रेंटचे निषेध लागू होत नाहीत. मर्यादा लक्षात घ्या: "यात मांडलेल्या". सगळे मतभेद मिटले असं ते म्हणत नाही, आणि सगळ्या लुथरन मंडळ्यांनी ते स्वीकारलेलंही नाही. अमेरिकेतली मिसुरी सिनॉड ही लुथरन मंडळी त्यात नाही.

प्रश्नोत्तरी१५६३

तुमच्या वर्गाशी याचा थेट संबंध आहे. मेथडिस्ट जागतिक परिषद २००६ मध्ये सोल इथे या जाहीरनाम्यात सामील झाली, अँग्लिकन सल्लागार परिषदेने २०१६ मध्ये आशयाला पाठिंबा दिला, सुधारित मंडळ्यांच्या जागतिक संघाने ५ जुलै २०१७ रोजी विटेनबर्गला सही केली. सीएनआय अँग्लिकन आणि सुधारित अशा दोन्ही जागतिक कुटुंबांत आहे. म्हणजे तुमच्या पाऊण तासाच्या वर्गात जे लोक समोरासमोर बसणार, त्यांच्या मंडळ्या कागदावर आधीच एकमेकांच्या बऱ्याच जवळ आल्यात.

पाठ_आखणारी

चार बैठकांची आखणी देते. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली बैठक इफिस २:८-१० वर. याकोबापासून सुरू केलंत तर पहिल्याच दिवशी दोन तट पडतील. ही तीन वचनं सगळ्यांना मान्य आहेत. फळ्यावर फक्त तीन प्रत्यय लिहा: कृपे"ने", विश्वासाच्या "द्वारे", सत्कृत्यां"साठी". वर्गाला विचारा की यातला एक प्रत्यय हलवून दुसऱ्या शब्दाला लावला तर काय बिघडतं. "सत्कृत्यांनी, विश्वासासाठी" असं कुणी म्हणून बघितलं की चूक कानालाच कळते. वीस मिनिटं यालाच द्या.

दुसरी रोम ३:२१ ते ४:१२, वयाच्या तक्त्यासह. तिसरी याकोब २:१४-२६. चौथीत वरचे अधिकृत मजकूर, प्रत्येकाचा एकच परिच्छेद, छापून हातात द्यायचा आणि त्या त्या परंपरेच्या माणसाने स्वतः वाचायचा.

कुठे घसरतं ते आधीच माहीत असू द्या. विश्वासालाच कर्म बनवणं हे सगळ्यात नेहमीचं: "माझा विश्वास कमी पडला म्हणून देवाने ऐकलं नाही." तिथे विश्वासाची मोजदाद सुरू झाली. भिकाऱ्याचा पसरलेला हात पगार मागत नाही, एवढं सांगून पुढे चला.

दुसरं, वधस्तंभावरचा चोर. "त्याने काय केलं होतं?" असा प्रश्न कुणीतरी टाकतंच. लूक २३:४०-४२ उघडायला लावा. त्याने सोबत्याला थांबवलं, आपली शिक्षा रास्त आहे हे कबूल केलं आणि येशूला विनंती केली. जिवंत विश्वासाला हात खिळलेले असतानाही तोंड होतं. पण त्याच्या काही तासांवरून चाळीस वर्षं जगणाऱ्याचा नियम काढू नका.

तिसरं, मत्तय २५:३१-४६ टाळणं. प्रॉटेस्टंट वर्गात ते टाळलं जातं आणि मग तेच नेमकं विचारलं जातं. तिथे उजवीकडच्यांचा प्रश्न वाचा: प्रभू, आम्ही तुला कधी भुकेलेलं पाहिलं? त्यांनी वही ठेवलेलीच नव्हती.

चौथी चूक मला सगळ्यात क्रूर वाटते. खचलेल्या, आजारी, घराबाहेर पडता न येणाऱ्या माणसाला "तुझा विश्वास मृत आहे" म्हणून याकोब २ ऐकवणं. तो शब्द कुणासाठी आहे ते १५-१६ वचनांत उघड आहे. दारात भाऊ किंवा बहीण उघडी उभी आहे, रोजचं अन्नही नाही. आणि आतला माणूस म्हणतो: सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा. शब्द भरभरून, हातात घोंगडी नाही की भाकरी नाही. याकोबाचा राग त्या आतल्या माणसावर आहे. तिसऱ्या बैठकीत हे दोन लोकांना वाचायला लावा, एकाने दाराबाहेर उभं राहून. चर्चेची गरज कमी पडते.

ग्रीकपाठी

आखणी चांगली आहे. तिसऱ्या बैठकीसाठी दोन गोष्टी देतो. त्या तेरा वचनांत ग्रीकमध्ये "विश्वास" हे नाम ११ वेळा आणि "क्रिया" १२ वेळा आलंय. वर्गाला मराठीत मोजायला सांगा, म्हणजे परिच्छेद लक्ष देऊन वाचून होतो.

दुसरी, २०व्या वचनात याकोबाने शब्दावर कोटी केली आहे. काम म्हणजे "एर्गोन", आणि क्रियांवाचूनच्या विश्वासाला तो म्हणतो "आर्गे", जो "एर्गोन" ला नकाराचा "अ" लागून झालेला शब्द. बहुतेक भाषांत ही कोटी हरवते. मराठीत ती जशीच्या तशी बसते: काम नसलेला विश्वास निकामी.